उजव्या हाताची पट्टी

नसरापूर फाट्यावर चहासाठी गाडी थांबली. मुबारक मुलाणी खाली उतरला, आळस द्यायला म्हणून त्यानं हात वर केले आणि ते तसेच वर राहिले. समोर त्याचंच तोंड होतं. विजेच्या खांबापासून पिंपळापर्यंत ताणून बांधलेला भलामोठा फ्लेक्स आणि त्यात मधोमध हा. डोक्याला भगवा फेटा, जो त्यानं उभ्या जन्मात कधी बांधला नव्हता. फेट्याखालचा चेहरा मात्र त्याचाच, इंग्लंडातल्या प्रचारपत्रकावरून उचललेला. कोटावरचं पक्षाचं रिबिनीचं फूलसुद्धा तसंच राहिलेलं. वरच्या अंगाला शेंदूर माखलेली वाघजाई, खाली जबडा वासलेला वाघ, आणि लाल अक्षरांत, ‘वेल्ह्याचा ढाण्या वाघ इंग्लंडच्या संसदेत! मा. मुबारकभाई दगडूभाई मुलाणी यांचे जत्रेनिमित्त हार्दिक स्वागत.’ त्याखाली शुभेच्छुकांची रांग आणि रांगेत पहिला, काळा गॉगल लावलेला हनुमंत, शाळेत त्याच्या बाकावर बसणारा. दुसऱ्या कुणाची छाती फुगली असती. एवढं कौतुक कुणाच्या वाट्याला येतं हो? पण मुबारकच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की इथं कुणी फोटो काढतंय का. हात खाली घेऊन त्यानं इकडंतिकडं पाहिलं. टपरीवाला चहा गाळत होता. दोन बायका एसटीची वाट बघत बसल्या होत्या. एक जण मोबाईलवर बोलत होता. तो मोबाईल कानालाच आहे ना, समोर धरलेला नाही ना, हे त्यानं नीट न्याहाळून घेतलं. मग चहा तसाच टाकून गाडीत जाऊन बसला. ड्रायव्हर पुण्याचा, पप्पू नावाचा. त्यानं एकदा फ्लेक्सकडं पाहिलं, एकदा आरशातून मागं. ‘सायेब, तुमीच का ते?’ ‘नाही,’ मुबारक म्हणाला. म्हणून गेला आणि मग चडफडला. तोंड तेच, नाव तेच, आणि हा म्हणतो नाही. आता पप्पूला खात्रीच पटली असणार की या माणसात कुठंतरी पाणी मुरतंय.

खरं म्हणजे संसदेत वगैरे तो अजून कुठंच नव्हता. उत्तर इंग्लंडातल्या एका जुन्या गिरणीगावात तो नगरसेवक होता, एवढंच. नोकरीसाठी गेला, तिथलाच झाला, पासपोर्ट बदलला, बायको तिथली केली, मुलं तिथल्या शाळेत घातली. मग गल्लीतल्या दिव्यांसाठी आणि कचऱ्याच्या गाडीसाठी भांडता भांडता एक दिवस निवडून आला. आता खासदारकीची जागा मोकळी झाली होती. पक्षाकडं खूप नावं गेली, गळत गळत दोनच उरली, हा आणि एक गोरा वकील, आणि येत्या शुक्रवारी त्यातलं एक ठरायचं होतं. उमेदवारी मिळाली की जागा मिळाल्यातच जमा. त्याचं काम बघायला पक्षानं हेलन नावाची एक बाई दिली होती, साठीची, ओठ मिटून हसणारी. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, तुझ्या बाबतीत लोक दगडन्‌दगड उलटून बघणार. मुलाखतीत टेबलाच्या पलीकडच्या तिघांनी विचारलं, तुमच्या मागं असं काही आहे का, जे उद्या उजेडात आलं तर पक्षाला मान खाली घालावी लागेल? एखादा फोटो? नातेवाईक? जुनं बोलणं? हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो, असंही वर म्हणाले. विचारत असतील. पण वकिलाला ते हसत विचारलं असणार, चहा ओतता ओतता, आणि आपल्याला मात्र पेन खाली ठेवून, असं मुबारकला त्या दिवसापासून वाटत होतं. तो म्हणाला होता, नाही. डोळ्याची पापणीही न हलवता.

गाडी आता कानंदी नदीच्या कडेनं वर चढत होती. तोरण्याचं डोकं धुरकट उन्हात दिसायला लागलं होतं, करवंदीची जाळी धुळीनं पांढरी झाली होती, आणि मुबारक त्या फ्लेक्सचा हिशेब मांडत बसला होता. हा फोटो उडत उडत तिकडं गेला तर काय? जाणारच, आजकाल काय जात नाही? मशिदीतली मंडळी म्हणतील, बघा, मूर्तीखाली उभा आहे, आम्ही सांगत नव्हतो? कोपऱ्यावरचे दुकानदार पटेल खूश होतील आणि मग विचारतील, फेटा तिकडं बांधता, मग इकडं आमच्या मिरवणुकीत का नाही? आणि गोरे म्हणतील, वाघ म्हणे, पण नक्की कुठल्या देशाचा? एकच चित्र, बघणारे तीन, आणि तिघांकडूनही मार यालाच. प्रचाराच्या वेळी दारोदार फिरताना तो हेच शिकला होता. दार उघडलं की माणूस आधी त्याच्या हातातलं पत्रक बघायचा नाही, तोंड बघायचा. एक म्हातारी मोठी प्रेमळ, बिस्किटं पुढं करून म्हणाली, तू मुळात कुठला रे, खराखुरा? खराखुरा! तिचंही काही चुकलं नसेल, पण बिस्किट घशाखाली उतरेना. त्याच्याच जमातीतला एक पोक्त माणूस नमाजानंतर खांद्यावर हात टाकून म्हणाला, तू त्यांच्यातला होऊ नकोस हां. म्हणजे कुणातला, हे त्यानं सांगितलं नाही. असं करता करता मुबारकला एक खोड जडली. कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की मोबाईल कुणाच्या हातात आहे, कुणाचा टेबलावर पालथा आहे, कोण आपल्याशी बोलताना मधेच खाली बघतं, हे आधी टिपायचं आणि मग हसायचं. शगुफ्ता, त्याची बायको, एकदा वैतागून म्हणाली होती, तू घरातसुद्धा निवडणुकीला उभा असल्यासारखा बसतोस.

फ्लेक्सचं एकवेळ निभावलं असतं. खरी मेख दुसरीकडं होती. दोन वर्षांपूर्वी तिकडं शाळेतल्या जेवणावरून रण माजलं होतं. मटण हलाल असावं की नसावं, जनावराला आधी बेशुद्ध करावं की नाही. मुबारक मधला म्हणून पुढं झाला, दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या आणि कसाबसा मार्ग काढला. त्या धामधुमीत पेपरच्या एका बाईनं विचारलं, तुम्ही स्वतः कधी? तेव्हा तो म्हणाला, ‘माझे वडील शेतकरी आहेत. मी जन्मात जनावर कापलेलं नाही.’ फोटोसकट छापून आलं. आता वडील शेतकरी होते हे काही खोटं नव्हतं. भाताचं एक इनामी खाचर होतं, अजून आहे. पण ते इनाम मिळालं कशाबद्दल? पासलीच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी, सगळी धनगर-मराठ्यांची, मुसलमानाचं घर एकच, मुलाण्याचं. वाघजाईच्या जत्रेला मानाचा बोकड मुलाण्यानं कापायचा, बिस्मिल्ला म्हणून. त्याची सुरी लागल्याशिवाय वाडीत एकही माणूस मटणाला शिवायचा नाही. म्हणायचे, मुर्दाड झालं ते. देवी त्यांची, बोकड त्यांचा, सुरी मुलाण्याची. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाला त्याचं नवलही वाटत नव्हतं. अब्बांनी म्हणजे दगडूभाईंनी आयुष्यभर ते केलं. आणि एका साली अब्बांचा खांदा निखळला होता तेव्हा, ओठावर नुकती लव फुटलेल्या मुबारकनं केलं होतं. एका ओढीत कापलं होतं, चांगलं. वाडीनं पाठ थोपटली होती. त्या दिवशी त्याला जेवढं आपलं आपलं वाटलं होतं तेवढं पुढं कुठंच वाटलं नाही, निवडून आलेल्या रात्रीसुद्धा. पण हे पेपरवाल्या बाईला कसं सांगणार? कुठून सुरुवात करणार? म्हणून नाही म्हणाला. आणि आता अब्बांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, ‘औंदा जत्रंला ये. काय बी करून ये.’ कशाला, ते सांगितलं नव्हतं. तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती.

अब्बा ओसरीवर धारेच्या दगडाशी बसले होते. सुरी दगडावर होती, पण आवाज लागत नव्हता. नेहमीची ती लांब, सरळ ओढ नव्हती, मधे मधे तुटत होती. ‘आलास? बस. पानी पी,’ ते म्हणाले आणि उठायला गेले, तर त्यानंच पुढं होऊन धरलं. हाडं हाताला लागली. चहा आला तो शेजारच्या सगुणाबाईंकडून, हनुमंताच्या आईकडून, नेहमीसारखा. आई गेल्यापासून अब्बांचा एक वेळचा चहा त्या घरातूनच यायचा. अब्बांनी बशी उचलली आणि चहा धोतरावर सांडला. त्यांनी बशी खाली ठेवली, दोन्ही हात मुबारकच्या पुढं धरले. उतू जायच्या आधी दुधावरची साय थरथरते तसे ते हात थरथरत होते. ‘हे असं हाय. डाक्तर म्हनतो वयाचं हाय. औंदा बोकड तुला करायचा हाय, बेटा.’ मुबारक म्हणाला, ‘दुसरं कुणी नाही का? भोंगवलीचे मामू?’ ‘त्येंचा मान त्येंच्या गावात. आपला हितं.’ मग सुरीकडं बघत ते म्हणाले, ‘काई पोरं म्हनत्यात, मुलानी कशाला पायजे? पुन्याहून आपला मानूस आनू, एका घावात मुंडकं. देवळात बैठक बी झाली. म्हातारी मानसं म्हनली, दगडूभाई हाय तवर न्हाई. पन म्या उबा न्हाई ऱ्हायलो तर?’ ‘कोण पोरं?’ ‘हायत. नावं घिऊन काय करायचं?’ ‘हनुमंत आहे का त्यात?’ अब्बांनी बशीतला उरलेला चहा फुंकला. मग म्हणाले, ‘एकदा का दुसऱ्याची सुरी लागली, की झालं. मग आपुन हितं कोन? सांग बरं.’ हाच प्रश्न मुबारकला समुद्रापलीकडं रोज कुणी ना कुणी विचारत होतं, पण ते परके होते, निदान तसं म्हणता येत होतं. इथं तो प्रश्न बापाच्या तोंडून आला आणि त्याला रागच आला. बापाचा, वाडीचा, त्या वाघाचा. आपलं एवढं उभं राहत आलेलं आयुष्य, आणि ते एका बोकडाच्या गळ्याशी येऊन अडावं!

संध्याकाळी हनुमंत आला. आला तो मिठीच मारली, तंबाखूचा वास, घामाचा वास, पाठीवर दणदणीत थापा. ‘लेका, किती गोरा झालास! बघितलास का बोर्ड? भोरातनं करून आनला. भोरला यष्टी स्टँडावर बी लावलाय.’ ‘काढून टाक तो,’ मुबारक म्हणाला. हनुमंताचं तोंड लहान झालं. ‘का रं? फेटा वाकडा झाला का?’ ‘मी अजून निवडून आलेलो नाही.’ ‘येशील की! न आलास तर आमी काय तिकडं येऊन इचारनार हाय?’ हसला, मग ओसरीच्या कडेला टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘एक इचारू? तू सुरी धरलीस, आन तिकडं कळलं, तर चालंल का रं?’ मुबारकनं आधी अंगणात कुणी आहे का ते पाहिलं. ‘काय कळलं तर?’ ‘हेच. आमच्या स्वरूपनं मोबाईलवर तुझा पेपर वाचून दावला. त्यात तू म्हनलायस म्हनं, कंदी जनावर कापलं न्हाई.’ स्वरूप म्हणजे हनुमंताचा मुलगा, पुण्यात इंजिनीअरिंग शिकणारा. म्हणजे याला ठाऊक आहे. याच्या पोराच्या मोबाईलमध्ये ते कात्रण आहे, आणि उद्या दुसरं चित्रही त्याच मोबाईलमध्ये येऊन बसेल, सुरी हातात घेतलेलं. मुबारकनं हनुमंताच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं काहीच नव्हतं, नुसती चौकशी. पण तिकडच्या टेबलापलीकडच्या तिघांच्या तोंडावर तरी दुसरं काय होतं? ‘तू कुणाकुणाला सांगितलंस?’ त्यानं विचारलं. ‘म्या कशाला सांगू?’ हनुमंत म्हणाला आणि त्याच्याकडं जरा विचित्रच बघत राहिला. त्याला तो आवाज ओळखीचा वाटला नसावा. ‘बरं, पड आता. सकाळी लवकर ये,’ म्हणून उठून गेला.

तो गेला आणि मुबारकच्या डोक्यात चक्र सुरू झालं. हनुमंताला जिल्हा परिषदेचं तिकीट हवंय, हे गाडीत पप्पूनं आपणहून सांगितलं होतं, फ्लेक्सवरच्या पहिल्या चेहऱ्याची माहिती म्हणून. मग बसतंय की सगळं. फ्लेक्स लावला म्हणजे भोरातली मुसलमान आळी खूश. इकडं मुलाणी मागं सरला म्हणजे बैठकवाली पोरं खूश. मुलाण्यानं स्वतःच सुरी टाकली, आम्ही काय हाकललं नाही, असं म्हणायला मोकळे. आणि नाहीच सरला, तर व्हिडिओ आहेच. ‘चालंल का रं’ म्हणजे धमकीच की, दुसरं काय? धमकी देणारा मिठी मारून देत नाही असं कुठं आहे? अब्बांनी नाव का घेतलं नाही? त्या घराचा चहा पितात म्हणून? पडवीतल्या बाजेवर पडल्या पडल्या त्यानं हे इतकं नीट जुळवलं, की शेवटी ते जुळलं याचंच त्याला समाधान वाटलं. लहानपणी याच हनुमंताबरोबर तो ओढ्यात खेकडे धरायचा. बिळात हात घालायची वेळ आली की हनुमंत त्याला मागं ओढायचा आणि स्वतःचा हात घालायचा. ते आठवलं, नाही असं नाही. पण आठवण काय, तिला पुरावा नसतो. तो तिकडं गेल्यापासून असा विचार करायला शिकला होता, आणि आता तो विचार इथल्या बाजेवरही अगदी आरामात त्याच्या शेजारी झोपला.

सकाळी उजाडता उजाडता त्यानं बॅग उघडली. शगुफ्तानं प्रवासासाठी औषधांची पिशवी दिली होती, तिच्यातून पट्टी काढली आणि उजव्या तळव्याला, बोटांच्या मधून, मनगटापर्यंत चांगली जाड गुंडाळली. एका हातानं गुंडाळताना जमेना, दात लावावे लागले. अब्बा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, टोपी ठेवून आले. त्यांनी पट्टी पाहिली. ‘काय झालं?’ ‘ब्लेड लागलं, दाढी करताना.’ अब्बांनी त्याच्या गालाकडं पाहिलं. कालचे खुंट तसेच होते. ‘बरं,’ ते म्हणाले. बस्स, एवढंच. त्यांनी सुरी फडक्यात गुंडाळली, काखेत धरली आणि पायात चपला सरकवायला लागले, पण चपलेचा अंगठा सापडेना. मुबारकनं वाकून अंगठा घालून दिला, डाव्या हातानं.

देवळाच्या खालच्या अंगाला, करंजाच्या सावलीत तो काळा दगड होता, तोच, एका बाजूला घासून गुळगुळीत झालेला. ढोल चालले होते, गुलालानं माणसं ओळखू येत नव्हती. मानाचा बोकड माळ घालून उभा, त्याच्या अंगावर पाणी शिंपडत होते आणि तो अंग झाडायची सगळे वाट बघत होते. झाडलं म्हणजे देवीनं घेतला. मुबारक कडेला उभा राहून माणसं मोजावीत तसे मोबाईल मोजत होता. त्या पोराच्या हातात एक. त्या झेंडूवाल्याच्या खिशात एक. इंद्रजित नावाचा एक तरणा, कपाळाला मोठा टिळा, त्यानं तर काठीवरच लावला होता. हाच असणार बैठकीतला. हनुमंत कुठं आहे? हनुमंत बोकडापाशी होता आणि नेमकं त्याच वेळी त्यानं मान वर करून कुणाला तरी खूण केली. झालं, मुबारकला वाटलं, आता सुरू. तर गर्दीतून सगुणाबाई आल्या. कमरेवर बांबूची टोपली, चांगली भाकऱ्यांची. ‘टाका हितं,’ म्हणाल्या. ‘समद्यांनी टाका. औंदा देवीम्होरं मोबाईल न्हाई.’ माणसं हसली, कुरकुरली, टाकायला लागली. इंद्रजित म्हणाला, ‘आजी, लाईव्ह करायचंय मला!’ ‘तुज्या लाईव्हला लावू का चुलीत? आपल्या मुबारकला तिकडं तरास हुईल म्हनं फोटूनं. हन्मंतानं बजावलंय, एक बी मोबाईल वर दिसाय न्हाई पायजे. टाक मुकाट.’ इंद्रजितनं काठीवरून सोडवला आणि टाकला. स्वरूपनं टाकला. पुजारी रखमाजींनी आपला बटणांचा मोबाईलसुद्धा भक्तिभावानं टाकला. टोपली भरत मुबारकपर्यंत आली. त्यानं खिशात हात घातला. ‘तुझा ऱ्हाऊ दे रं,’ सगुणाबाई म्हणाल्या, ‘लांबनं फोन येत्याल तुला,’ आणि पुढं गेल्या. मग त्याच थांबल्या, मागं वळल्या. ‘हाताला काय झालं?’

त्याला बोलायची वेळच आली नाही. बोकडानं अंग झाडलं, एकच गिल्ला झाला आणि सगळ्यांची तोंडं याच्याकडं फिरली. आता पुढं व्हायचं. मोबाईल एकही नव्हता. फक्त पट्टी सोडायची होती; सोडली की आतला धडधाकट तळवा सगळ्या वाडीला दिसणार होता. सोडू का? बोटं डाव्या हाताची गाठीपर्यंत गेलीसुद्धा. जाड बांधली होती हो, दात लावून. तेवढ्यात अब्बा मोठ्यानं म्हणाले, इतक्या मोठ्यानं की ढोलवालेही थांबले, ‘पोराच्या हाताला लागलंय. त्येला उगी ताप नगं. म्याच करतो.’ कुणीतरी मागून पुटपुटलं, ‘म्हाताऱ्याचा हात तर बघा... ह्यापरीस पुन्याचा मानूस बरा हुता.’ अब्बा दगडापाशी गुडघ्यावर बसले. फडकं सोडलं. पात्यावर ऊन पडलं आणि ते ऊन थरथरायला लागलं. ती थरथर सगळ्यांना दिसली. एका ओढीत व्हायला हवं, नाहीतर जनावराचे हाल आणि मुलाण्याची शोभा. हनुमंत अब्बांच्या मागं जाऊन बसला, छाती त्यांच्या पाठीला टेकवली, हात पुढं घेऊन त्यांच्या मनगटावर आपला पंजा ठेवला, आणि पातं थांबलं. ‘म्हना, काका,’ तो म्हणाला. ‘बिस्मिल्ला,’ अब्बा म्हणाले. ओढ एकच झाली, लांब आणि सरळ. ढोल पुन्हा वाजायला लागले.

लाज वाटली मुबारकला, सरळ सांगायचं तर. अंगावर उकळतं पाणी पडावं तशी वाटली. बापाच्या मनगटावर आपला हात असायला हवा होता; तो या खोट्या पट्टीत निवांत बसला होता. आणि एवढं होऊनही, त्याच क्षणाला, त्याचे डोळे वरच्या डांबरीकडं गेले. तिथं एक मोटारसायकल उभी होती, वर कुणीतरी बसलेलं. टोपली तिथवर गेली नव्हती. त्याच्या हातात काय आहे? तो डोळे बारीक करून बघत राहिला, आणि मांडीजवळ खिसा गुरगुरला. अख्ख्या जत्रेत एकच मोबाईल चालू होता, याचा. हेलनचा निरोप. शुक्रवारच्या आधी शेवटचं विचारते, तुला सांगायचं असं काही उरलंय? मुबारक त्या ओळीकडं बघत उभा राहिला. समोर अब्बांना कुणी पाणी पाजत होतं, पुजारी रखमाजी मुलाण्याचा वाटा पानावर काढत होते. त्यानं पट्टीतून बाहेर आलेल्या अंगठ्यानं लिहिलं, नाही. काही नाही. पाठवलं. वर पाहिलं तर मोटारसायकल निघून गेली होती.

‘बस खाली,’ सगुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात वाटी होती, तेलात कालवलेली हळद, गरम. ‘दाव हात.’ ‘नको मावशी, बरं आहे आता.’ ‘गप बस. लहानपनी काय कमी बांधलंय म्या तुला?’ त्यांनी हात ओढून मांडीवर घेतला. बायका भोवती गोळा झाल्या. मंगल, हनुमंताची बायको, वाकूनच बघायला लागली. गाठ सुटली. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. मुबारकनं हात मागं ओढून बघितला, पण बाईंच्या पकडीत जोर होता, आयुष्यभर दळलेलं होतं त्या हातांनी. शेवटचा वेढा पडला आणि तळवा उघडा झाला. गुलाबी, साबणाचा वास येणारा, एक ओरखडा नाही. सगुणाबाईंनी तळव्याकडं पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडं पाहिलं. ‘बाजूला व्हय गं,’ त्या मंगलला म्हणाल्या आणि पदर मधे घेतला, ‘बघू नगंस. लई खोल लागलंय.’ वाटीत बोटं बुडवून त्यांनी त्या कोऱ्या तळव्यावर हळद चोपडली, चांगली जाड, बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत. कढत होती ती, चरचरली. हा पिवळा रंग काही शुक्रवारपर्यंत जायचा नव्हता. त्या पुन्हा पट्टी गुंडाळायला लागल्या, वेढ्यावर वेढा.

पलीकडं दगडापाशी अब्बा हनुमंताच्या खांद्याला धरून उठत होते. सदऱ्यावर शिंतोडे उडाले होते, हात पुन्हा थरथरायला लागले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, ‘थांबलं का गं रगत त्येचं?’

‘न्हाई अजून,’ सगुणाबाई म्हणाल्या आणि गाठ आवळली.